एजन्सी हातात आली तेव्हा

मी मूळची मराठी दैनिकाच्या डेस्कवरची. पुढे अंधेरीतल्या एका छोट्या पीआर (जनसंपर्क) एजन्सीत क्लायंट सांभाळू लागले. मालकीणबाई पुण्याला स्थायिक झाल्या आणि कारभार माझ्यावर आला. कुठली बातमी कुठल्या बीटच्या वार्ताहराला द्यायची, पुरवणीची पानं कधी लागतात, हे तोंडपाठ होतं. पैसा कसा फिरतो, ते मात्र मुळापासून शिकावं लागलं.

रिटेनर, म्हणजे क्लायंटने कामासाठी द्यायचं ठरलेलं मानधन, दरमहा असतो, पण हातात येतो क्लायंटच्या सवडीने. बिल फाडलं की त्यावरचा १८ टक्के जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचाच, पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणजे लाखाच्या बिलामागे अठरा हजार आधी आपल्या खिशातून. शिवाय क्लायंट १० टक्के टीडीएस कापून घेतो. पोरांचे पगार एक तारखेला. पहिले काही महिने मी बातम्यांपेक्षा बँकेचं ॲपच जास्त वाचलं.

आमच्या सीएने उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करायला लावली आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छापायला सांगितलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत, लेखी करार असला तरी फार तर ४५ दिवसांत, चुकतं केलं नाही, तर क्लायंटला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. २०२३-२४पासून हा नियम आहे. एरवी 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणणारे अकाउंट्सवाले मार्चमध्ये स्वतःहून फोन करायला लागले!

दुसरी गोष्ट टाइमशीट, म्हणजे कुणी कुठल्या क्लायंटसाठी किती तास दिले याची नोंद. पोरांनी नाकं मुरडली, तरी मी रेटून नेलं. सगळ्यात कमी पैसे देणारा क्लायंटच सगळ्यात जास्त तास खातो, हे आकड्यांत दिसलं. मग करारात लिहायला लागलो: महिन्याला प्रेस नोट किती, मुलाखती किती, आणि रात्री-अपरात्री काही पेटलं तर त्याचे पैसे वेगळे.

क्लायंटला द्यायच्या कव्हरेजच्या रिपोर्टवरून अजून वाद होतात. कात्रणाचे कॉलम सेंटिमीटर मोजायचे, जाहिरातीच्या दराने गुणायचे आणि 'एवढ्या लाखांचं कव्हरेज' म्हणून दाखवायचं, ही जुनी खोड. पीआरचं मोजमाप असं करू नये, असं मोजमापासाठी पीआरवाल्यांनीच ठरवलेल्या २०१०च्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे. आम्ही आता कुठल्या आवृत्तीत आलं, आपला मुद्दा बातमीत उतरला का, आणि आपल्या माणसाचं म्हणणं नीट छापलं का, एवढंच देतो. आकडा गेला म्हणून काही क्लायंट खट्टू झाले. होऊ देत.

मध्यंतरी एका बिल्डरने पहिल्या पानाची लेखी हमी मागितली. म्हटलं, हमी जाहिरातीत मिळते, बातमीत नाही. हवं तर जाहिरात विभागाचा नंबर देते. त्यांनी तो शांतपणे लिहून घेतला.