वीतभर कोयरी

गुरुवार, रात्री साडेदहा

"नाही गं, तो मला लागणार आहे."

एवढंच म्हणाले. ओरडले नाही, डोळे वटारले नाहीत. समोरची पोर "बरं" म्हणाली आणि चपला अडकवून गेलीसुद्धा. मागितलं होतं काय, तर कोयऱ्यांच्या मरून कापडातला वीतभर तुकडा. शाळेच्या चार्टवर चिकटवायला. आणि माझ्या तोंडून पटकन 'नाही' निघालं. विचार करून नाही म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. हे आधीपासूनच जिभेवर बसलेलं होतं.

तेव्हापासून तेच चाललंय डोक्यात. भाकरी थापताना तेच, दूध तापवताना तेच. दूध उतू गेलं.

बरं, दिवस कोणते? संक्रांत झालीय, रथसप्तमी यायचीय. गड्ड्याच्या जत्रेत पाय ठेवायला जागा नाही, घरोघरी हळदीकुंकू आणि जो तो वाण लुटतोय. मीही परवा 30 पिशव्या वाटल्या, घरी शिवलेल्या. सगळ्यांनी नावाजल्या. त्यातल्या एकीवरही कोयरी नव्हती हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. कापतानाच आलं होतं.

वन्सं असत्या तर बरोबर बोलल्या असत्या. जाऊ दे.

ओटीतला खण खरं तर फिरता. आज माझ्या ओटीत आला, उद्या मी दुसरीच्या घालायचा. काही खण तर चार घरं हिंडून आपल्याच दारी परत येतात, घडीवरचा कुंकवाचा डाग ओळखीचा निघतो. पण खणावर कोयरी असली की तो माझ्या पेटीत येऊन थांबतो. ती पेटी म्हणजे ओट्यांचं शेवटचं स्टेशन. चाटी गल्लीतला तो दुकानदारही मला बघून आता "काय दाखवू" विचारत नाही. फडताळातून कटपीस काढतो आणि म्हणतो, "काकू, कोयरी आलीय की ओ." मी नको नको म्हणत मोजून पैसे देते.

आणि कोयरी तरी एका तऱ्हेची असते का. सांगानेरी छापाची बारीक, मुगाएवढी. कलमकारीतली पोटात अख्खं झाड घेऊन बसलेली. बांधणीतली नुसत्या ठिपक्यांची, जवळून बघितलं तर दिसतच नाही, दोन पावलं मागं सरलं की उमटते. एक बनारसीच्या पदराच्या कोपऱ्यातली, तिला तिकडे कोनिया म्हणतात. साडी विरली, तेवढा कोपरा राहिला. मरून कापड सुती आहे, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्यावर मोहरीच्या रंगाच्या कोयऱ्या, सगळ्यांच्या माना डावीकडे. मधली एकच ओळ उजवीकडे बघते, रुसल्यासारखी. ते यांनी आणलं होतं, गिरणीचा भोंगा वाजत होता तेव्हा. पुढचं आज लिहीत नाही.

पण पोरीला हे कुठं माहीत होतं? आणि माहीत असतं तरी तिनं वीतभरच मागितलं होतं.

"आजी, टीचर याला पेझली म्हणतात," असंही सांगत होती. मी म्हटलं, असेल बाई, आपण कोयरी म्हणतो, आंब्याच्या कोयीवरून. शेजारच्या अक्का तेलुगूत मामिडी पिंदे म्हणतात, तीही कोवळी कैरीच. दुपारी झोप लागेना म्हणून मोबाइलवर बघितलं. पेझली हे स्कॉटलंडमधलं गाव निघालं. काश्मीरच्या शाली विलायतेत गेल्या, तिकडच्या बायकांना वेड लागलं, पण किमती अफाट. म्हणून 1800 नंतर त्या गावानं मागावर त्यांच्या नकला विणायला घेतल्या. नक्षी इराणची, काश्मीरची; नाव मात्र नक्कल करणाऱ्या गावाचं! सोलापूरच्या माणसाला राग येणारच. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन असलं तरी भलतीकडे विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून खपतेच आहे. मग पुढं वाचलं. 1870 च्या सुमाराला शालींची फॅशन गेली आणि तिथल्या विणकरांचं काम बसलं. राग तिथंच निवला. माग थांबले की घरात काय होतं ते आमच्या गल्लीला कुणी शिकवायला नको.

विषय कुठून कुठं गेला. मूळ गोष्ट ती नाही. मूळ गोष्ट, मी नाही म्हटलं.

संध्याकाळी पेटीच उघडली. म्हटलं, बघू तरी, इतकं काय लागणार आहे मला. मोजले. 86 तुकडे. कोयऱ्यांच्या गोधड्या आजवर शिवल्या किती? दोन. मी एकटीच हसले. बाकी सगळ्या जुन्या साड्यांच्या, धोतरांच्या. त्या बघता बघता हातावेगळ्या होतात. कोयरीवर कात्री चालत नाही. तुकड्याला तुकडा जोडायचा तर शिवणीत पाव इंच आत जाणार, आणि त्या पाव इंचात कुणाची तरी मान सापडणार. त्यापेक्षा राहू दे घडीत, असं म्हणत म्हणत 86. त्यात हे सोलापूर. इथं मार्चपासून अंग भाजायला लागतं. या सगळ्या गोधड्या झाल्याच, तरी पांघरणार कोण आणि कधी?

शेवटी मरून कापड बाहेर काढलं. वीतभर म्हणाली होती. कुणाची वीत, माझी की तिची? तिचीच असणार, मागितलं तिनं. (हा हिशेब करतानाही लाज वाटली, पण केला.) तिच्या विती एवढं मापलं तर कडेची कोयरी बरोबर मानेत कापली जात होती. कात्री अलीकडे घेतली, तर पोटात. खूप वेळ बसले तशीच. शेवटी दोन्ही कोयऱ्या अख्ख्या जातील असं कापलं. माझी वीत भरली, वर चार बोटं.

नऊ वाजता देऊन आले. पोर झोपली होती. तिच्या आईनं "अहो काकू, कशाला एवढं" म्हणत ओल्या हातानं घेतलं आणि फ्रीजवर ठेवलं. वर एक गॅसचं कार्ड आणि अर्धं लिंबू होतं.

ओल्या हातानं. लिंबाशेजारी.

शाळेची रिक्षा सातला येते. पावणेसातला दूध आणायला निघायचंच आहे, जाता जाता जरा डोकावून येईन.