मेल्निक: दोनशे माणसंही नसलेलं शहर

बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, राहायला लागल्यापासून नाशिकहून दोन प्रश्न ठरलेले असतात. तिथे बघण्यासारखं काय आहे, आणि तिथे तू खातेस काय? तिसरा प्रश्न लग्नाचा असतो, तो आज सोडून देऊ. पहिल्या दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी मिळतं, म्हणून मेल्निकबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं.

मेल्निक हे बल्गेरियातलं सगळ्यात छोटं शहर. हो, शहर. लोकसंख्या दोनशेच्या आत, निफाड तालुक्यातल्या एखाद्या मळ्याच्या वस्तीवर याहून जास्त माणसं निघतील. पण जुन्या वैभवाचा मान म्हणून कागदोपत्री शहराचा दर्जा टिकून आहे. हे जुनं वैभव नेमकं काय होतं आणि कुठे गेलं, हे न समजून घेता तिथे गेलं तर मेल्निक फक्त फोटोपुरतं राहतं. बहुतेक पर्यटकांचं तसंच होतं.

सोफियाहून दक्षिणेला, ग्रीसच्या दिशेने साधारण 180 किलोमीटर. स्ट्रुमा नदीच्या खोऱ्यातून चांगला महामार्ग आहे, फक्त क्रेस्नाच्या घळीत तो मध्येच संपतो. घळीतले पक्षी-प्राणी वाचवायचे की रस्ता पुरा करायचा, हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. तोवर सगळ्यांनी ट्रकच्या मागे मुकाट्याने रांगेत चालायचं. सांदान्स्की नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी उतरून पुढे छोटी बस मिळते. त्या बसमध्ये नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी मी, दोन आज्या आणि कोबीचं एक पोतं एवढेच होतो. हिवाळ्यासाठी कोबी खारवायचे हे दिवस.

गाव दिसायच्या आधी वाळूचे सुळके दिसतात. पिरीन पर्वताच्या पायथ्याची ही वाळू दाबली जाऊन घट्ट झाली, मग पावसाने ती कोरत नेली. काही सुळके शंभरेक मीटर उंच आहेत. कुठे मिनार, कुठे छत्री, कुठे नुसतीच अर्धवट पडलेली भिंत. मेल्निक या सुळक्यांच्या बेचक्यात बसलंय. मधोमध नदीचं पात्र आहे, पण त्यात बहुतेक वेळ ओलसर वाळूच असते. पात्राच्या दोन्ही काठांनी रस्ता जातो आणि रस्त्याला लागून पांढरी घरं: खाली दगडी मजला, वर लाकडी गॅलरीसारखा पुढे आलेला मजला. दगडी भाग माणसांसाठी नव्हता, वाइनसाठी होता.

जिच्याकडे खोली घेतली होती ती आजी दारातच उभी होती. एकटीच आलीस? नवरा? तो नाहीये म्हटल्यावर तिने डोकं उभं हलवलं, आणि बल्गेरियात त्याचा अर्थ "नाही" होतो. म्हणजे नवरा नाही याची तिने नोंद घेतली की तिला ते पटलं नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. खोलीत नेण्याआधी तिने स्वयंपाकघरात बसवून हिरव्या अंजिरांचा मुरंबा आणि डोंगरी चहा दिला. अख्खी कोवळी अंजिरं पाकात. या भागात ती घराघरांत करतात आणि रस्त्यावर बरण्या मांडून विकतात.

संध्याकाळी गाव फिरून यायला वेळ लागत नाही, पण मला लागला, कारण मी दारं वाचत होते. बल्गेरियात माणूस गेला की घराच्या दारावर, बसथांब्यावर, झाडाच्या खोडावर एक कागद लावतात. फोटो, नाव, वय, घरच्यांचे दोन शब्द. मग चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने, दहा वर्षांनी. सोफियातही हे कागद दिसतात, पण तिथे ते जाहिरातींच्या गर्दीत मिसळून जातात. मेल्निकमध्ये दुसरं वाचण्यासारखं फारसं काही नसतं. एका दारावर तीन वेगवेगळ्या वर्षांचे कागद एकावर एक होते आणि दाराला कुलूप होतं. 1985च्या जनगणनेत बल्गेरियात जवळजवळ नव्वद लाख माणसं होती, 2021 मध्ये पासष्ट लाख भरली. हे आकडे मला आधी माहीत होते. ते दारावर चिकटवलेले असतात हे माहीत नव्हतं.

मात्र मेल्निक रिकामं होण्याची गोष्ट याच्या खूप आधीची आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्सी स्लाव नावाच्या सरदाराने इथे स्वतःची राजधानी थाटली होती. त्या काळातल्या एका वाड्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. पुढे ऑटोमन राजवटीत इथले ग्रीक व्यापारी वाइन विकून गब्बर झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे चार हजारांवर लोक राहत होते: बहुसंख्य ग्रीक, मग तुर्क, आणि बल्गेरियन त्यांच्याहून कमी. 1912 मध्ये ऑटोमन साम्राज्याविरुद्ध पहिलं बाल्कन युद्ध पेटलं आणि याने सांदान्स्की नावाच्या बल्गेरियन क्रांतिकारकाची तुकडी मेल्निकमध्ये शिरली. ज्या गावी मी बस बदलली त्याला नंतर, 1949 मध्ये, त्याचंच नाव दिलं गेलं. 1913 मध्ये दुसरं बाल्कन युद्ध झालं, त्यात बल्गेरिया आणि ग्रीस एकमेकांविरुद्ध लढले, गावाला आग लागली, बुखारेस्टच्या तहात मेल्निक बल्गेरियाकडे आलं आणि ग्रीक कुटुंबं मागे फिरणाऱ्या ग्रीक सैन्याबरोबर निघून गेली. त्यातली बरीचशी सिदिरोकास्त्रोमध्ये स्थायिक झाली. ते गाव सीमेपलीकडे, गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे.

तासाभरावर! म्हणून "शांत, निवांत मेल्निक" असं माहितीपत्रकात वाचलं की मला थोडा राग येतो. ही शांतता कोणी जपलेली नाही. माणसं गेली आणि ती उरली.

कोर्दोपुलोव्ह कुटुंबाचं घर बघितल्यावर हे नीट उमगतं. 1754 मध्ये बांधलेला हा वाइन व्यापाऱ्याचा वाडा गावाच्या टोकाला उंचावर आहे, आता संग्रहालय. दिवाणखान्यात खिडक्यांच्या दोन रांगा, वरच्या रांगेत रंगीत काच. घरातच हमाम. पण मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तळघरात. सुळक्याच्या पोटात बोगदे खोदत नेलेत, बाजूला माझ्या डोक्यापेक्षा उंच पिंपं. उन्हाळा असो की बर्फ, आत गारवा जवळजवळ सारखाच. वाळूचा खडक खोदायला मऊ आणि खोदल्यावर टिकणारा, त्यामुळे इथल्या लोकांना वाइन ठेवायला वेगळी सोय करावी लागली नाही. एवढी पिंपं भरणारी द्राक्षं, ती वाहून आणणारी जनावरं, हिशेब लिहिणारे कारकून, बोलीवरून भांडणारे दलाल... त्या तळघरात उभं राहिल्यावर पिंपळगावचा मार्केट यार्ड आठवला.

द्राक्षांबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलू द्या, घरची बाग आहे. इथल्या वाणाचं नाव शिरोका मेल्निश्का लोझा, म्हणजे मेल्निकची रुंद वेल. पान खरंच तळहाताहून रुंद. हा वाण स्ट्रुमाच्या या खोऱ्यापुरताच आहे, कारण तो पिकायला फार उशीर लावतो आणि एवढी ऊब बल्गेरियात बाकी ठिकाणी नाही. काढणी ऑक्टोबरात. म्हणजे आमच्याकडे फळछाटणी उरकून बाबा वेलीला डोळे फुटायची वाट बघत असतात, तेव्हा इथे माल निघतो. आजीला मी सांगितलं की आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. तिला वाटलं माझं बल्गेरियन चुकतंय. "वेल झोपते कधी मग?" तिने विचारलं. झोपतच नाही, आमच्याकडे थंडी कुठे तेवढी, म्हटल्यावर तिला त्या वेलीची खरोखर कीव आली. इथे एकच छाटणी, फेब्रुवारीत, संत त्रिफोनच्या सणाला. कोणी नव्या कॅलेंडरप्रमाणे 1 तारखेला करतं, कोणी जुन्याप्रमाणे 14ला. पुरुष बागेत जातात, काडी छाटतात आणि छाटलेल्या जागी वाइन ओततात.

काढणी उशिरा म्हणजे परतीच्या पावसात सापडायची भीती. ती आम्हाला वेगळी सांगायला नको. म्हणून लवकर पिकणारा संकरित वाण तयार केला गेला, मेल्निक 55. आजीच्या मते तो सोफियाच्या लोकांसाठी ठीक आहे. तिची स्वतःची वाइन जुन्या वाणाची. चवीला तंबाखू आणि सुक्या चेरीच्या मधलं काहीतरी. मी जाणकार नाही, दोन पेल्यांनंतर तर मुळीच नाही. मेल्निकची वाइन रुमालात बांधून नेता येईल इतकी दाट, असं इथे सांगतात. चर्चिल ती मागवायचा हेही प्रत्येक दुकानदार सांगतो.

आता खाणं. शाकाहारी माणसाचे इथे हाल होतील असं वाटतं, होत नाहीत. ढोबळी नव्हे तर लांबट लाल मिरची भाजून, सोलून, आत चीज-अंडं भरून तळलेली चुश्का ब्युरेक मिळते. अंडं चालत नसेल तर घेवड्याचं सूप, बॉब चोरबा, मातीच्या भांड्यात. टोमॅटो-काकडीवर खारट पांढरं चीज किसलेलं शॉप्स्का सॅलड तर सगळीकडेच. आणि उन्हाळ्यात गेलात तर तारातोर: दही, काकडी, लसूण, शेपू, अक्रोड. शेपू नको म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर मागवावं.

दुसऱ्या दिवशी सुळक्यांमधून रोझेन मठापर्यंत चालत गेले. वाट सुंदर आहे, पण वाळूची आहे, पाऊस पडून गेला असेल तर रस्त्यानेच जा, सहा-सात किलोमीटर पडतात. मठाच्या अंगणात द्राक्षाचा मांडव आहे, आणि त्याखाली बसून मी घरी व्हिडिओ कॉल केला. बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "कॅमेरा खोडाकडे ने," म्हणाले. मठाजवळच्या चर्चपाशी याने सांदान्स्कीची कबर आहे, 1915 मध्ये इथूनच जवळ त्याला मारलं.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. सोफियाहून गाड्या येतात, ग्रीसहून बस येतात आणि नदीकाठी पार्किंगवरून भांडणं होतात. 2025च्या जानेवारीपासून बल्गेरिया पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, त्यामुळे ग्रीस फिरायला आलेल्यांना त्याच व्हिसावर सीमा ओलांडून इकडे येता येतं. घरची वाइन इथे प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून देतात, ती विमानाच्या बॅगेत ठेवायचं धाडस करू नका. सीलबंद बाटली घ्या. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत चालते, आणि बाबांनी त्यांच्या वाट्याचे दोन लिटर आधीच सांगून ठेवलेत.