‘यू माइट वॉन्ट टू चेक’: लाइफ इन द यूके परीक्षेचा माझा अनुभव

माझे परीक्षेच्या फीचे ५० पाउंड गेले त्याला चार महिने झाले, तरी तो फोन आठवला की डोकं तापतं. म्हणून एकदाचं लिहून काढते. कुणी कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे आयएलआरचा अर्ज करणार असेल तर निदान त्यांचे तरी पैसे वाचतील.

मी लेस्टरला राहते आणि एका शाळेच्या किचनमध्ये काम करते. नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आले, त्याला पाच वर्षं होत आली. शिक्षण कराडला, मराठी माध्यमात. माझ्या अर्जासाठी इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची बी१, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा लागते. मी दिली ती दहा मिनिटांची होती. मी गौरी-गणपतीच्या आराशीवर बोलले आणि पास झाले.

दुसरी ‘लाइफ इन द यूके’, म्हणजे ब्रिटनचा इतिहास आणि इथलं जीवन यांवरची परीक्षा. १८ ते ६४ वयाच्या अर्जदाराला ती द्यावीच लागते. ४५ मिनिटांत २४ प्रश्न, त्यातले १८ बरोबर यायला हवेत. सगळे प्रश्न एकाच सरकारी पुस्तकातले, त्याची २०१३ची तिसरी आवृत्ती. चॅरिटी शॉपमध्ये जुनी आवृत्ती एक-दोन पाउंडांत मिळते, ती मुळीच घेऊ नका.

अभ्यास मी मनापासून केला. रात्री ओटा आवरला की पुस्तक उघडायचं. फ्रिजवर ब्रिटनच्या चार भागांच्या चार संतांचे दिवस लावले होते: १ मार्च डेव्हिड, १७ मार्च पॅट्रिक, २३ एप्रिल जॉर्ज, ३० नोव्हेंबर अँड्र्यू. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन मुहम्मदने १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्तानी जेवणाचं कॉफी हाउस काढलं, हे वाचलं तेव्हा तर फार बरं वाटलं. किचनमध्ये सांगितलं, तर इथेच जन्मलेल्या बायकांनाही ते माहीत नव्हतं. आमच्या लेस्टरची दिवाळीसुद्धा त्या पुस्तकात आहे.

म्हणजे अडलं ते अभ्यासात नाही, नावाच्या रकान्यात अडलं.

आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. माझ्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या ओळीत दोन नावं आहेत, माझं आणि नवऱ्याचं. पण इथे बँकेच्या कार्डावर, डॉक्टरकडे, पगाराच्या स्लिपवर सगळीकडे माझं नाव आणि आडनाव एवढंच. पाच वर्षांत मधलं नाव कुणी विचारलं नाही. परीक्षेचं बुकिंग करतानाही मी सवयीने तेवढंच लिहिलं.

परीक्षेच्या पाच दिवस आधी मी चौकशीच्या नंबरावर फोन केला. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट चालेल का, एवढंच विचारायचं होतं. पलीकडची बाई फार गोड बोलली. हो, चालेल म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, “यू माइट वॉन्ट टू चेक द नेम मॅचेस.”

मी शाळेत शिकलेल्या इंग्रजीने त्याचा अर्थ लावला: वाटलं तर बघा. मला काही वाटलं नाही. थँक यू म्हणून फोन ठेवला.

त्या दिवशी मी नुसतं बुकिंग उघडून पाहिलं असतं तरी भागलं असतं. तीन दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात. माझ्या हातात पाच दिवस होते.

केंद्र दुसऱ्या शहरात होतं. सुट्टी टाकून, सकाळची गाडी पकडून गेले. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट उघडला, स्क्रीनकडे पाहिलं. त्याचं बोट पासपोर्टवरच्या माझ्या नावावरून नवऱ्याच्या नावावर सरकलं आणि तिथेच थांबलं. मग तो म्हणाला, “आयम अफ्रेड वी कान्ट लेट यू सिट द टेस्ट टुडे.”

‘अफ्रेड’ शब्द ऐकून वाटलं, याला कसली भीती? आज परीक्षेला बसू देणार नाहीत, हे कळायला दोन क्षण गेले. मग सगळं समजावलं. मधलं नाव नवऱ्याचं आहे, आमच्याकडे अशीच पद्धत आहे, फोटो बघा, जन्मतारीख बघा, आडनाव बघा. तो दर वेळी “सॉरी” म्हणत होता. आवाज जराही चढवला नाही त्याने, आणि निर्णयही बदलला नाही. पैसे परत नाहीत, नवीन बुकिंग करा. मागे रांगेत माणसं उभी होती. मी पासपोर्ट पर्समध्ये ठेवला, बाहेर आले आणि स्टेशनवरच्या बाकावर बसून रडले.

सोमवारी किचनमध्ये बटाटे सोलताना सगळं सांगितलं. आमच्यातली सगळ्यात जुनी बाई, सगळ्यांना लेस्टरच्या रीतीने लाडाने ‘मी डक’ (माझ्या बदका) म्हणते, तिने सोलणं थांबवून फोनवरचं ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, “अगं, ‘माइट वॉन्ट टू’ म्हणजे कर म्हणजे करच, मी डक. तिने तुला बजावलं होतं.” ‘आयम अफ्रेड’ म्हणजे नाही. ‘नॉट आयडियल’ म्हणजे चालणार नाही. ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणजे मला तुमचं पटलेलं नाही.

मला याचाच राग येतो. मॅग्ना कार्टा १२१५चा, हेस्टिंग्जची लढाई १०६६ची, हे मी पाठ केलं. पण ज्या एका वाक्यावर माझे पैसे आणि सुट्टी गेली, ते वाक्य कुठल्याच धड्यात नव्हतं. नवीन माणसाशी बोलताना ‘नाव पासपोर्टसारखंच हवं, नाहीतर बसू देणार नाहीत’ इतकं सरळ सांगायला काय हरकत आहे? त्यात उद्धटपणा काहीच नाही. आपण म्हणतो, “अहो, नाव नीट बघा बरं का.” त्या ‘बरं का’मध्ये काळजीही येते आणि ताकीदही.

दुसरं बुकिंग दोन आठवड्यांनंतरचं मिळालं. पुन्हा ५० पाउंड. या वेळी पासपोर्टवर जसं आहे अगदी तसं, नवऱ्याच्या नावासकट लिहिलं आणि ह्यांच्याकडून अक्षर न् अक्षर तपासून घेतलं. केंद्रात खिसे, बाह्या, चष्मा सगळं बघतात, फोन आणि पर्स बाहेर ठेवावी लागते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पेपर वीस मिनिटांत झाला. काही प्रश्नांना दोन पर्याय निवडायचे असतात, तिथे प्रश्न पुन्हा वाचा. मार्क किती पडले ते सांगत नाहीत, फक्त पास की नापास. ईमेल आला तेव्हा मी त्याच स्टेशनवर होते. पहिला फोन कराडला आईला केला.

एक राहिलंच. पास झाल्यावर मिळणारा युनिक रेफरन्स नंबर दोन ठिकाणी लिहून ठेवा, अर्जात तो लागतो. आणि बुकिंगचा ईमेल आला की त्याच दिवशी पासपोर्ट काढून नाव ताडून बघा, पाच दिवस आधी नको.

काल आयएलआरचा फॉर्म भरायला घेतला. पहिल्याच पानांत नावाचा रकाना आला. पासपोर्ट शेजारी उघडा ठेवला होता.