डाळ मिलचा नॅस: मे महिना डोळ्यांसमोर ठेवून केलेली जुळणी

मंडळी, नॅसचा डबा, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या फायली नेटवर्कवर एका जागी ठेवणारं मशीन, एकदाचा उभा राहिला. जळगाव एमआयडीसीतल्या मामांच्या डाळ मिलचं ऑफिस आता त्यावर चालतंय: टॅली, वजनकाट्याच्या पावत्या, बिल्ट्यांचे स्कॅन, ई-वे बिलं, मालाचे फोटो. सगळं मिळून दीड टीबीच्या आसपास. आपल्यातल्या सिनेमे साठवणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण जीएसटीच्या नियमाप्रमाणे हिशेबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, म्हणजे जुनं उडवून जागा करायची सोय नाही.

मशीन जुनं झिऑनचं टॉवर वर्कस्टेशन आहे, ईसीसी रॅमसकट (मेमरीतल्या चुका स्वतः दुरुस्त करणारी). वर ट्रूनॅस ही नॅससाठीची सिस्टिम, तिची फायली ठेवायची पद्धत झेडएफएस. डिस्क ४ टीबीच्या चार, सगळ्या सीएमआर, म्हणजे डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी लिहिणाऱ्या. एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणारी) डिस्क झेडएफएसमध्ये घालू नका. रोजच्या कामात ती गुपचूप चालते आणि रीसिल्व्हरच्या, म्हणजे बदललेली डिस्क पुन्हा भरण्याच्या वेळी जीव काढते. दोन डिस्क एका दुकानातून, दोन दुसऱ्याकडून घेतल्या आणि मिररच्या (दोन डिस्कवर तोच डेटा) प्रत्येक जोडीत एकेक ठेवली, म्हणजे एका बॅचचा दोष दोन्ही भावांना एकदम लागायला नको.

आता वादाचा विषय. चार डिस्कना बहुतेक जण रेड-झेड२ (चारही डिस्कवर डेटा आणि दुरुस्तीची माहिती वाटणारी रचना) सुचवतील. कोणत्याही दोन गेल्या तरी डेटा शाबूत, आणि वापरायची जागा मिररच्या दोन जोड्यांइतकीच. कागदावर झेड२ जिंकतं, कारण मिररमध्ये एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या की पूर्ण पूल, म्हणजे सगळ्या डिस्कचा मिळून साठा, गेला. तरी मी मिरर घेतला, आणि त्याला कारण आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास खेळतो. डिस्क मरायची तर बहुधा त्याच दिवसांत मरेल, आणि बदललेली डिस्क भरण्याचं काम त्याच उकाड्यात चालेल. झेड२ मध्ये त्या वेळी उरलेल्या तिन्ही डिस्क वाचल्या जातात. मिररमध्ये फक्त जोडीदार वाचला जातो, तोही बराचसा सरळ रेषेत. शिवाय झेडएफएस भरलेला भागच उतरवतं, रिकामी जागा नाही. आपला दीड टीबी दोन जोड्यांत वाटलेला, म्हणजे एका डिस्कवर पाऊण टीबीच. दोन-अडीच तासांचं काम, पहाटे लावलं तर ऊन चढायच्या आत संपतं. कपाटात एक कोरी डिस्क ठेवलीच आहे. पुढे जागा वाढवायची झाली की आणखी एक जोडी घालायची, बस.

२००७ साली गुगलच्या लोकांनी लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. तापमान आणि बिघाड यांचं नातं समजतो तितकं घट्ट नाही, असं त्यात निघालं. फरक दिसला तो अगदी वरच्या तापमानाला आणि जुन्या डिस्कमध्ये. हे वाचून निवांत व्हायला हरकत नाही, पण ते आकडे डेटा सेंटरमधले. तिथे कोणी दुपारी एसी बंद करून जेवायला जात नाही. आमच्या ऑफिसात दुपारी ३८-३९ असतं आणि डिस्क खोलीपेक्षा आठ-दहा अंश वर चालते. मी ४८ ला मेल आणि ५२ ला मशीन बंद, अशी स्क्रिप्ट लावली आहे. स्क्रबही (सगळा डेटा वाचून तपासणं) दुपारी नाही, पहाटे तीनला.

एसीचा विषय काढल्यावर मामा म्हणाले, "हाई डबं बी एसी मांगस का रे भो?" शेवटी एसी नाहीच मिळाला. डबा उत्तरेच्या भिंतीला, जमिनीपासून वर, आणि कूलरच्या झोतापासून लांब ठेवला. कूलरची ओली हवा नि त्यात मिलची धूळ, यांचा पंख्याच्या पात्यांवर जो लेप बसतो तो ज्यांनी खरवडलाय त्यांनाच माहीत. डाळ मिलची धूळ म्हणजे तुरीच्या सालीचा मऊ भुसा, नुसत्या ब्रशने निघत नाही. म्हणून पुढून दोन १४० मिमीचे पंखे आत, मागून एकच बाहेर. आत दाब किंचित जास्त राहिला की हवा जाळीतूनच येते, फटींतून भुसा ओढला जात नाही. जाळी चुंबकाची, मुनीमकाका दर शनिवारी काढून झटकतात. जास्त डिस्क जोडायचं एचबीए कार्ड हाताशी होतं (एलएसआय ९२११, आयटी मोडवर फ्लॅश केलेलं, म्हणजे डिस्क थेट दाखवणारं), पण ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनवलेली. साध्या टॉवरमध्ये हीटसिंकला बोट लावून बघा. चार डिस्क मदरबोर्डच्या साटा पोर्टवर भागतात, म्हणून ते कार्ड त्याच्या खोक्यात परत गेलं.

यूपीएस यूएसबीने जोडला, नट (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) चालू केलं. वीज गेल्यावर पाच मिनिटं वाट बघायची, मग शिस्तीत बंद. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना साधारण निम्मं होतं. टेबलाखाली कोपऱ्यात कोंबलेला यूपीएस खानदेशात लवकर का दगावतो, ते यातून कळतं. बॅटरी दोन वर्षांनी बदलायची असं धरूनच हिशेब मांडलाय.

टॅलीचा चालू डेटा चार मोठ्या डिस्कवर ठेवला नाही. त्याला दोन छोट्या एसएसडींचा वेगळा मिरर दिला. टॅलीला वेग नाही, चटकन उत्तर हवं असतं. गिगाबिट केबलचे ११० एमबी दर सेकंदाला त्याला कधीच लागत नाहीत. स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या फायलींची गोठवलेली प्रत, दर १५ मिनिटांनी. चालू टॅलीचा स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्यावर उरतो तसा डेटा, म्हणून रात्री टॅली बंद करून तिचा स्वतःचा बॅकअप वेगळा घेतला जातो. स्नॅपशॉट विंडोजमध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' म्हणून दिसतात. मुनीमकाकांनी राइट क्लिक करून कालची एक्सेल परत आणली आणि आठवडाभर येईल त्याला करून दाखवली. रॅन्समवेअरवरही (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) हाच उतारा, फक्त नॅसचा ॲडमिन पासवर्ड ऑफिसच्या कोणत्याही मशीनवर सेव्ह केलेला नको.

एवढं करूनही सगळं एकाच छपराखाली होतं. दुसरी प्रत धुळ्याला मावसभावाकडे: एक जुनं मशीन, एक मोठी डिस्क, वायरगार्ड (नेटवरून दोन्ही मशीन जोडणारी सुरक्षित वाट). पाठवणं झेडएफएस सेंडच्या रॉ प्रकाराने, त्यामुळे धुळ्याला एन्क्रिप्टेड ब्लॉकच पोचतात, किल्ली इथेच. पहिली खेप नेटवरून पाठवली असती तर ३० एमबीपीएसच्या अपलोडने सलग साडेचार दिवस लागले असते. डिस्क इथेच भरली, टॉवेलात गुंडाळली आणि एसटीने नेली. आता रोज रात्री फक्त फरक जातो.

पुढचं काम एप्रिलच्या आत करायचंय: धुळ्याच्या प्रतीवरून एक जुनं आर्थिक वर्ष कोऱ्या मशीनवर उतरवून टॅलीत उघडायचं आणि ताळेबंद जुन्या छापील प्रतीशी जुळवायचा. त्यानंतर चालू पूलमधून एक डिस्क मुद्दाम ओढून कपाटातली बसवायची. तापमानाचे आलेख तेव्हा टाकतो. दरम्यान, लिथियम बॅटरीचा यूपीएस कोणी उन्हाळाभर चालवला असेल तर अनुभव जरूर सांगा.