स्टिकरवरचे पाचशे

२०२५ची दिवाळी होऊन तीन-चार दिवस झाले होते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर केलं, झाडलोट अजून व्हायची होती, तोवर दोघे भाऊ दारात उभे. थोरल्याच्या हातात चादरीत गुंडाळलेलं कॉम्प्युटरचं कॅबिनेट, धाकट्याच्या हातात शाळेची वही. थोरला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, धाकटा बारावीत. बोनस झाला होता आणि कुणीतरी वापरलेलं आरटीएक्स ३०६० टीआय हे गेमसाठीचं ग्राफिक्स कार्ड सतरा हजारांना देतो म्हणाला होता. संध्याकाळपर्यंत त्याला हो-नाही कळवायचं होतं.

"काका, बसतंय का तेवढं बघा. लांबी आम्ही मोजलीय," थोरला म्हणाला.

धाकट्यानं वही उघडून दाखवली. कॅबिनेटची आतली बाजू पट्टीनं मोजून पेन्सिलीनं काढलेली. मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २६ सेंटीमीटर, कार्ड २४चं. चित्र नीटस होतं आणि माप बरोबर होतं. मी टेप लावून बघितलं, मिलिमीटरचाही फरक नव्हता. एवढी तयारी करून येणारं गिऱ्हाईक मला वर्षातून एखादं भेटतं.

"आत्ताच्या कार्डाला काय झालंय?" मी विचारलं.

"ते आता दमलंय. अर्धा तास गेम खेळला की कॉम्प्युटर पटकन बंद पडतोय. धा मिनिटं तसाच ठेवला की परत चालू होतोय."

हे ऐकलं आणि कार्डाचा विषय मी बाजूला ठेवला. दमलेलं कार्ड चित्र फाडतं, रेघा मारतं, गेम अडकवतं. आख्खं मशीन एका क्षणात काळं होतं, तेव्हा मी आधी तापमान बघतो आणि मग वीज.

झाकण काढलं. आय-फाइव्ह ४५९० प्रोसेसर, एच ८१ मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, २ जीबीचं जीटीएक्स ९६० कार्ड. दहा-अकरा वर्षांपूर्वी मधल्या फळीतलं चांगलं मशीन म्हणून हे खपायचं. धूळ होती, पण पंखे फिरत होते. ब्लोअर मारला, प्रोसेसरची पेस्ट बदलली आणि जीटीए फाइव्ह हा गेम लावून तापमान बघत बसलो. प्रोसेसर सत्तरच्या आसपास, कार्ड बहात्तर. दोन्ही ठीक. बाविसाव्या मिनिटाला मशीन बंद.

पुन्हा चालू केलं आणि मोकळ्या मोलेक्सच्या, म्हणजे वीज देणाऱ्या चार पिनांच्या कनेक्टरच्या, पिवळ्या वायरीला मल्टिमीटर लावला. नुसतं विंडोज चालू असताना १२.१ व्होल्ट. गेम सुरू केला, काटा खाली यायला लागला. ११.६, ११.४, ११.२. बारा व्होल्टच्या लाइनला पाच टक्के वरखाली चालतं, म्हणजे ११.४च्या खाली ती जाता कामा नये. धाकटा माझ्या खांद्यावरून मीटर बघत होता. त्याला सांगितलं, "कार्ड दमलेलं नाही रे बाळा. त्याला पोटभर मिळत नाहीये."

मग एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, काढून उजेडात धरला. स्टिकरवर मोठ्या लाल अक्षरांत ५००. त्याच्यापुढे वॅट हा शब्दच नव्हता, तो नुसता मॉडेलचा आकडा. खाली बारीक अक्षरांत खरी माहिती होती: +१२ व्होल्ट, १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८. गेमिंग कॉम्प्युटरला लागणारी जवळजवळ सगळी वीज बारा व्होल्टवरून जाते, म्हणून या डब्याची खरी ताकद १६८ वॅट. प्रोसेसर ८४ वॅटचा, जीटीएक्स ९६० हे १२० वॅटचं. दोन्ही जोरात चालले की २०४, म्हणजे १७ अँपिअर. इतकी वर्षं तो डबा ताकदीबाहेर ओढत होता. आणि आता ज्या कार्डाला ते हो म्हणणार होते, ते एकटंच २०० वॅटचं. बनवणारी कंपनी त्यासाठी ६०० वॅटचा एसएमपीएस घ्या म्हणून सांगते.

मला राग आला. फौंड्रीत घाम गाळणारा पोरगा दुकानात जाऊन "पाचशेचा द्या" म्हणतो, त्याला पाचशे छापलेला डबा मिळतो आणि फसवलं गेल्याचं त्याला कधी कळतही नाही.

खरं भिण्यासारखं अजून पुढे होतं. जीटीएक्स ९६० ला सहा पिनची वेगळी वीज लागते आणि या एसएमपीएसला ती वायरच नव्हती. जोडणाऱ्यानं एका मोलेक्सवरून सहा पिन करणारा कन्व्हर्टर लावला होता. सहा पिनवरून ७५ वॅटपर्यंत वीज जाऊ शकते, म्हणजे सहा अँपिअरच्या वर. मोलेक्समध्ये बारा व्होल्टची पिवळी वायर एकच असते. पिन जरा ढिली झाली की तिथं गरम होतं, गरम झाली की आणखी ढिली होते. मी कनेक्टर ओढला तर तो सुटेना. पक्कडीनं धरून काढला. पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं आणि पिवळ्या वायरीचं आवरण टोकाला काळं पडलं होतं.

"हे कुठं ठेवता घरात?"

"ह्याच्या कॉटच्या उशाला," थोरला म्हणाला. मग कनेक्टर हातात घेऊन तो बराच वेळ बोलला नाही. भट्टीवर काम करणाऱ्याला जळक्या प्लॅस्टिकचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

टेबलावरचा ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस जोडला, जुनंच कार्ड ठेवलं आणि गेम लावून दिला. चहा झाला, दोन गिऱ्हाइकं झाली, दोन तास झाले. मीटर १२.०च्या खाली आला नाही, मशीन एकदाही बंद पडलं नाही.

तरी मूळ प्रश्न राहिलाच होता. नवा एसएमपीएस घेतला तर ३०६० टीआयचा उपयोग होईल का? बसायला ते बसलं असतं. एच ८१च्या स्लॉटचा वेग जुन्या पिढीचा, पीसीआय एक्सप्रेस २.०चा, नवं कार्ड त्यात चालतं, फक्त रस्ता अरुंद मिळतो. मोठी अडचण प्रोसेसरची वाटत होती, पण अंदाजावर मी कुणाला सतरा हजारांना नाही म्हणत नाही.

"जास्त काय खेळता?"

"वॅलोरंट," धाकटा म्हणाला.

वॅलोरंट लावला. प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला, कार्ड साठ-पासष्टवर. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं, तरी सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे गेमचा वेग, जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. ही चाचणी घरी कुणालाही फुकटात करता येते आणि माझा तिच्यावर फार भरवसा आहे. चित्र लहान करूनही वेग वाढत नसेल तर अडवणारा प्रोसेसर आहे. तिथं कितीही दांडगं कार्ड लावा, ते मोकळंच बसणार. जीटीए फाइव्हमध्ये उलट दिसलं. कार्ड अठ्ठ्याण्णव टक्के, २ जीबी मेमरी काठोकाठ भरलेली. तिथं नव्या कार्डानं नक्की फरक पडला असता. दोन्ही गोष्टी त्यांच्यापुढे जशाच्या तशा ठेवल्या. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा सपोर्ट थांबवलाय आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही, हेही सांगितलं.

जुन्या मालातली ८ जीबीची डीडीआर-३ रॅम दुसऱ्या स्लॉटला लावून बघितली. वॅलोरंटमधले मधूनमधून बसणारे झटके बरेच कमी झाले.

थोरल्यानं धाकट्याकडे बघितलं. "काय करायचं?"

"आत्ता एवढंच करू. कार्डाचे पैसे ठेवू, पुढच्या वर्षी सगळंच नवं घेऊ."

थोरला बाहेर पायरीवर जाऊन फोनवर बोलून आला. "नको म्हटलं त्याला. चिडला जरा. चिडू दे."

एसएमपीएस आणि रॅम मिळून पाच हजारांच्या आत काम झालं. मी वायरी बांधत होतो तेव्हा धाकट्यानं नव्या खोक्यावरचा तक्ता शोधून काढला. +१२ व्होल्ट, ४५.८ अँपिअर. वहीतल्या त्या चित्राखालीच त्यानं गुणाकार मांडला. ५४९.६.

"काका, ह्याच्यावर खरं लिहिलंय."

चादर गुंडाळून झाली, दोघे पायरी उतरले आणि धाकटा परत आला.

"घरच्या युपीएसवर ६०० लिहिलंय. ते पण तसलंच असतंय का?"

त्यावर ६००च्या पुढे काय लिहिलंय ते बघ आणि मागच्या स्टिकरचा फोटो पाठव म्हटलं. रात्री साडेनऊला फोटो आला. ६०० व्हीए, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत ३६० वॅट. त्या ३६०भोवती त्यानं लाल गोल काढला होता.