ग्रंथालयातलं प्रशिक्षण कपाटापासून सुरू व्हावं

सार्वजनिक ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांना दिवसभराच्या शिबिरात ‘संगणकीकरणाची ओळख’ करून दिली जाते. समोरच्या पडद्यावर कुणीतरी कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली उघडून दाखवतो, सगळे वहीत टिपून घेतात. आपल्या गावी परतल्यावर पहिलीच नोंद अडते, कारण शिबिरात कुणाच्याच हातून एकही नोंद झालेली नसते. हे काम बघून येत नाही. स्वतःच्या ग्रंथालयातली पुस्तकं समोर घेऊन, चुकत आणि दुरुस्त करतच ते येतं. म्हणून हे लेखन ग्रंथपालांसाठी आहे, आणि प्रशिक्षणाला मंजुरी देणाऱ्या कार्यकारिणीसाठीही आहे.

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमातून वर्गीकरण आणि तालिकीकरणाचा, म्हणजे पुस्तकांची शोधसूची करण्याचा, पाया मिळतो, तो घ्यायलाच हवा. प्रश्न येतो तो त्यानंतर, कार्डांची तालिका आणि दाखल नोंदवही संगणकावर न्यायची वेळ आली की.

सुरुवात शंभर पुस्तकांच्या निवडीने करा. सलग एक कपाट उचलू नका, मुद्दाम अवघड पुस्तकं शोधा. अनुवाद, अनेक खंडांचा संच, शीर्षकपान फाटलेलं पुस्तक, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसलेलं, शके छापलेलं, संपादित संग्रह, टोपणनावाने लिहिलेलं, दिवाळी अंक, एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या. सोप्या पुस्तकांवर शिकलेला माणूस पहिल्याच अनुवादाला थांबतो. वेळ वाचकांसाठी ग्रंथालय उघडण्याआधीची ठेवा, एका बैठकीला दीड ते दोन तास. एका संगणकावर दोघं, एक शीर्षकपान वाचेल आणि दुसरा टाइप करेल. दर दहा पुस्तकांनंतर जागा बदलायच्या, नाहीतर ज्याचा हात बसलाय तोच शेवटपर्यंत टाइप करत राहतो.

कोहाच्या नेहमीच्या नोंदपत्रात शेकडो रकाने असतात. नवा माणूस ते बघूनच घाबरतो. म्हणून आधी एक छोटा साचा तयार करून घ्यायचा, त्यात रकान्याचा क्रमांक आणि त्यात काय भरायचं ते असं: ०२० आयएसबीएन, ०४१ भाषा, ०८२ वर्गांक, १०० लेखक, २४५ शीर्षक, २४६ पर्यायी शीर्षक, २५० आवृत्ती, २६० प्रकाशन, ३०० पृष्ठसंख्या, ६५० विषय, ७०० अनुवादक किंवा संपादक, ९४२ साहित्यप्रकार, ९५२ प्रत. बाकीचे लपवा. एवढ्यावर सार्वजनिक ग्रंथालयाचं बहुतेक काम निभतं.

पहिला धडा: शीर्षक मुखपृष्ठावरून घ्यायचं नाही, आतल्या शीर्षकपानावरून घ्यायचं. दोन्हीकडे वेगळं छापलेलं असेल तर मुखपृष्ठावरचं २४६ मध्ये. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार असतात. २४५ मध्ये जसं छापलं आहे तसंच ठेवायचं आणि २४६ मध्ये आजच्या लेखनाने द्यायचं. २४६ भरला नाही तर आजच्या पद्धतीने शोधणाऱ्या वाचकाला ते पुस्तक ग्रंथालयात असूनही सापडत नाही, आणि जुनी पुस्तकं हीच तर आपल्या ग्रंथालयांची खरी मिळकत आहे.

लेखकाच्या नावात सर्वांत जास्त घोळ होतो. नाव आडनावापासून लिहायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण एकाच लेखकाची ‘रा. ग.’, ‘राम गणेश’, ‘रा.ग.’ अशी तीन रूपं तीन जणांनी घातली की तालिकेत तीन लेखक तयार होतात. टोपणनावांनी त्यात भर पडते. गडकऱ्यांची नाटकं त्यांच्या स्वतःच्या नावावर, कविता गोविंदाग्रज या नावावर, विनोदी लेखन बाळकराम या नावावर. लहान ग्रंथालयाने एक रूप ठरवून अधिकृत नावाची नोंद करावी आणि बाकीची रूपं त्याच नोंदीत ४०० या रकान्यात द्यावीत. कोणतं रूप निवडता याला दुय्यम महत्त्व आहे. सगळ्यांनी तेच वापरायला हवं, म्हणून ठरलेल्या नावांचा एक कागद संगणकाशेजारी चिकटवलेला असावा.

शके छापलेलं असेल तर ७८ मिळवायचे. शके १८६२ म्हणजे १९४०, पण त्या शकाचे शेवटचे महिने १९४१ मध्ये येतात. पुस्तकावर महिना असेल तर तो पाहूनच साल ठरवा. छापलेलं शके तसंच लिहून इसवी साल चौकटी कंसात द्या. ‘पुनर्मुद्रण’ आणि ‘आवृत्ती’ या एकच गोष्टी नाहीत हेही इथेच शिकवायचं. मजकूर बदलला तर आवृत्ती, तोच मजकूर पुन्हा छापला तर पुनर्मुद्रण. काही प्रकाशक पुनर्मुद्रणालाही ‘दुसरी आवृत्ती’ म्हणतात, तिथे पुस्तकावर आहे तेच लिहावं.

आता टायपिंग. यासाठी एक पूर्ण बैठक ठेवा, कारण इथल्या चुका पडद्यावर दिसतच नाहीत. ‘दुःख’ हा शब्द विसर्गाऐवजी कोलन वापरून टाइप केला तरी डोळ्यांना तसाच वाटतो, संगणकाला मात्र तो वेगळा शब्द असतो. ‘ऱ्या’ दोन रीतींनी टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणूनही येतं, किंवा ‘अ’वर चंद्र देऊनही. ग्रंथालयातल्या सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा, शक्यतो इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाणित कळफलक), म्हणजे हे प्रकार कमी होतील. दाखल क्रमांक आणि वर्गांक इंग्रजी अंकांत की मराठी अंकांत हेही पहिल्या दिवशीच ठरवा. बारकोडसाठी इंग्रजी अंक सोयीचे. आणि ज्याने कोहा बसवून दिलं त्याला विचारा की शोधासाठी झेब्रा हे कोहाचं शोधयंत्र वापरत असाल तर त्याला आयसीयू (निरनिराळ्या लिप्यांतले शब्द हाताळणारी जोडणी) लावलंय का. नसेल तर देवनागरीत शब्द शोधताना अडचण येते आणि दोष कर्मचाऱ्याच्या माथी येतो.

जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्यावी लागते. मग एक्सेल. आयएसबीएनचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवला नाही तर तेरा अंकी आकडा ९.७८E+१२ असा दिसू लागतो, आणि त्याच रूपात सीएसव्ही (कोहात यादी भरण्यासाठीची साधी फाइल) जतन झाली की मधले अंक कायमचे जातात. दाखल क्रमांकापुढची शून्यंही अशीच उडतात. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडायचा. साधी सीएसव्ही निवडली तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते. हे प्रशिक्षणात एकदा मुद्दाम करून दाखवा. फाइल बिघडलेली डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढे विसरत नाही.

झेड३९.५० ही ग्रंथालयांच्या तालिकांत शोध घेण्याची सोय वापरून दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद उतरवून घेता येते, पण मराठीसाठी जपून. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी बहुतेक रोमन लिपीत असतात. ती नोंद तशीच ठेवली तर देवनागरीत शोधणाऱ्याला काहीच मिळणार नाही. वर्गांक आणि विषय तिथून घ्या, शीर्षक आणि लेखक मात्र देवनागरीत स्वतः टाइप करा.

कोहातल्या दोन चुका जवळपास सगळीकडे होतात. एक, नोंद झाली पण ९५२ ची प्रत जोडली नाही. शोधात पुस्तक दिसतं, देवघेव मात्र होत नाही. दोन, तेच पुस्तक पुन्हा आलं की नवी नोंद केली जाते. आधी शोधायचं, आवृत्ती तीच सापडली तर फक्त प्रत वाढवायची, नसेल तरच नवी नोंद. हा क्रम हाताला लागेपर्यंत दुसऱ्या प्रतीचीच दहा-वीस पुस्तकं सरावाला द्या.

शिपायाला प्रशिक्षणातून वगळणं ही मोठी चूक आहे. पुस्तक कपाटात परत लावतो तो शिपाई. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक पुढच्या पडताळणीपर्यंत हरवलेलंच असतं, तालिका कितीही अचूक असो. ड्युई ही दशांश वर्गीकरणाची पद्धत वापरत असाल तर मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी-कथा ८९१.४६३. अडचण दशांशाची असते. ८९१.४६१०९ आणि ८९१.४६३ यांत आधी काय येतं? ‘४६१०९ मोठे’ असं समजून बरेच जण उलटं लावतात. बिंदूनंतर एकेक अंक तुलनेला घ्यायचा, म्हणून ८९१.४६१०९ आधी. वीस चिठ्ठ्यांवर असे क्रमांक लिहून पाकिटात ठेवा आणि त्या क्रमाने लावायला सांगा. दहा मिनिटांचा सराव, आठवड्यातून दोनदा. ज्या ग्रंथालयांत नुसते ‘कादंबरी’, ‘चरित्र’ असे विभाग आहेत तिथे हाच सराव लेखकाच्या आडनावांवर घ्यावा. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ कुठे लावायचे यावरही तिथे एकमत करून घ्यायला हवं.

तपासणी रोजची हवी. एकाने केलेल्या प्रत्येक दहा नोंदींतल्या दोन दुसऱ्याने पुस्तक हातात घेऊन तपासाव्यात. चूक सापडली की ती नुसती दुरुस्त करायची नाही, वहीत प्रकारासह लिहायची: नाव, साल, टायपिंग, प्रत. आठवड्याच्या शेवटी जो प्रकार जास्त दिसेल त्यावर पुढची बैठक. वहीत कर्मचाऱ्याचं नाव घालू नका. नाव आलं की लोक चुका लपवतात, आणि लपलेली चूक तालिकेत वर्षानुवर्षं राहते.

राहिला प्रश्न ‘ड’ वर्गातल्या ग्रंथालयांचा, जिथे बहुधा एकच माणूस सगळं बघतो आणि जोडीला बसायला कुणी नसतं. जवळच्या तीन-चार ग्रंथालयांनी आठवड्याच्या सुट्टीचा दिवस एकच ठरवावा आणि तालुक्याच्या ग्रंथालयात एकत्र बसावं. प्रत्येकाने आपली वीस पुस्तकं सोबत न्यायची, परतताना त्यांच्या नोंदी तयार असतात. जाण्यायेण्याचा खर्च आणि त्या दिवसाचा मोबदला देण्याचा ठराव कार्यकारिणीने आधीच करावा. ही माणसं मुळात तुटपुंज्या मानधनावर काम करतात. शिकण्याचा दिवस त्यांच्या खिशातून आणि त्यांच्या सुट्टीतून काढायचा नाही.