मातीचे बैल आणि हात मागे

खानापूर (जि. बेळगाव), ज्येष्ठ वद्य चतुर्दशी, रात्री

उद्या अमावास्या. कानडी घरांतून मातीच्या बैलांची पूजा होते ती याच दिवशी, मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात तिला. कर्नाटकी बेंदूर, म्हणजे खऱ्या बैलांचा सण, पौर्णिमेलाच होऊन गेला. वर्ग मराठी असला तरी निम्म्या पोरांच्या आज्या, मावश्या कानडी, त्यामुळे शाळा सुरू झाल्यापासून बैलांशिवाय दुसरा विषय नाही. म्हटलं, आजचा कलेचा तास त्यांनाच देऊन टाकू.

खानापुरात मातीला तोटा नाही. कौलं, मडकी यांवरच या गावाचं नाव झालं. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही इथंच आहे. तरी पोरांनी बांधावरची काळी माती पिशव्या भरभरून आणलीच. तिचा बैल होतो, पण वाळताना ती इतकी आकसते की दुसऱ्या दिवशी पाठीवर ही भेग. म्हणून कुंभारवाड्यातली चाळलेली, भिजवलेली माती आणून ठेवली होती. ती मळण्यातच अर्धा तास गेला, आणि माझ्या मते खरा तास तोच. गोळा आपटायचा, दोऱ्यानं मधोमध कापायचा, आत हवेची भोकं दिसली की पुन्हा आपटायचा. एरवी बाकावर ज्यांचा पाय ठरत नाही ती पोरं या कामाला कशी चिकटतात बघावं! खाली वर्तमानपत्र न घालता पोती घातली, कारण ओल्या मातीला कागद चिकटतो, पोतं चिकटत नाही.

एका पोराचा बैल काही केल्या उभा राहीना. अंग गलेलठ्ठ, पाय पेन्सिलीएवढे. "बाई, सारखं पडायलंय." माझे हात शिवशिवत होते. चार जाड पाय लावून द्यायला कितीसा वेळ लागतो? पण मी हात मागे बांधून उभी राहिले. त्यानं पाय काढले, लावले, पुन्हा काढले. मग बराच वेळ नुसता बघत बसला. शेवटी चारही पाय दुमडून पोटाखाली घातले, मान जराशी वळवली, वशिंड चिमटीत धरून वर ओढलं. बसलेला बैल! रवंथ करत असल्यासारखा. वर मलाच सांगतो, "दमलाय त्यो, पेरणी झालीया."

शिंगं नि कान मात्र सगळ्यांचेच गळत होते. तेवढं मी दाखवलं. जोडायच्या दोन्ही जागी खराट्याच्या हिरानं चरे ओढायचे, मध्ये पाण्यात कालवलेली पातळ माती लावायची आणि मग दाबायचं. नुसतं पाणी लावून चिकटवलेलं शिंग ओलं असेतोवर राहतं, वाळलं की गळून पडतं. हे सांगावंच लागतं, पोरांना आपोआप सुचत नाही. पण बैल कसा दिसावा हे सांगायचं काही कारण नाही, त्यांनी आपल्यापेक्षा जास्त बैल बघितलेत.

दुपारी एक सहकारी बाई वर्गात डोकावल्या. "यातलं भिंतीवर काय लावणार? साहेब आले तर दाखवायला काहीतरी पाहिजे की." त्यांच्या वर्गात चार्टपेपरची एकाच मापाची फुलपाखरं ओळीनं लावलेली आहेत. सुबक आहेत, नाही कोण म्हणतंय? पण कापलीत त्यांनी आणि रंगवलीतही निम्मी त्यांनीच. पोरांच्या वाट्याला डिंक आला. बाईंना दोष देत नाही. तपासणीला भिंत बघतात, पोराचं बोट कुणी बघत नाही.

बैल व्हरांड्यात सावलीला ठेवलेत, वर ओलसर फडकं. या हवेत वाळायला आठवडा तरी लागेल, घाई करून चुलीजवळ नेऊ नका म्हणून बजावलंय. उद्याच्या पूजेला ओलेच घरी न्यायचे असतील त्यांनी न्यावेत. मोडलेले तुकडे वेगळ्या डब्यात टाकलेत. ते पूर्ण वाळू द्यायचे आणि मगच पाण्यात घालायचे, म्हणजे चटकन विरघळतात. अर्धवट ओले घातले तर गुठळ्या राहतात. नागपंचमीला हीच माती पुन्हा लागेल, त्यानंतर गणपती आहेच.

आता प्रतिभा कारंजीचं, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांच्या कलास्पर्धेचं. मातीकामाला चौथीतून कुणाला पाठवायचं, हेडबाईंनी नाव मागितलंय. सगळ्यांचं बोट एका मुलीकडे आहे. गणपती सुरेख करते, सोंड अगदी साच्यातून काढल्यासारखी. तिच्या घरी साचा आहेच, त्यावरूनच ती शिकली. हात चांगला आहे तिचा. तरी मी बसलेल्या बैलवाल्याचं नाव देणार आहे. हेडबाई म्हणतील, बक्षीस कुठलं मिळायला त्याला? नाही मिळणार बहुतेक. परीक्षकांना सोंड आवडते. पण सोमवारी नाव त्याचंच जाईल, आणि त्या मुलीला मी साचा न बघता उंदीर करायला सांगणार आहे.